बावीस वेळा वाजलेली तबकडी

आमचे वडील म्हणत, "गाणे शिकायला आलेल्याचा गळा मागाहून पाहावा, आधी त्याचा कान पाहावा." ते बडोदे सरकारच्या कलावंत कारखान्यात दिलरुबा वाजवीत. संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांनी जेमतेम विशी ओलांडली होती. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, ऐकला मात्र पुष्कळ. वडिलांच्या या वाक्याची आठवण मला मध्यंतरी अगदी अनपेक्षित ठिकाणी झाली. मी एका अमेरिकन नाटककाराचे चरित्र वाचीत होतो.

त्याचे नाव ऑगस्ट विल्सन. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त पिट्सबर्ग शहरी असतो. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने विल्सनची चार नाटके माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "सर, ही नाटके म्हणून वाचू नका, गाणे म्हणून वाचा." मी मनात हसलो. आपण संगीत नाटकांच्या परंपरेतली माणसे. नाटकात गाणे कसे असते ते आपल्याला अमेरिकेने काय सांगावे? पण पुस्तके वाचून झाली तेव्हा हसू मावळले होते. पोराचे म्हणणे खरे होते.

आरंभ त्या तबकडीपासूनच करतो. साल १९६५. विल्सन तेव्हा वीस वर्षांचा होता, आईचे घर सोडून एका खोल्या भाड्याने देणाऱ्या इमारतीत राहत होता. धर्मादाय दुकानात जुन्या तबकड्या पाच-पाच सेंटना मिळत. तो त्या आणून ऐके. त्यांतली एक बेसी स्मिथ या ब्लूज गायिकेची निघाली. ही बाई १९३७ सालीच वारली होती आणि विल्सनने तिचे नावही ऐकलेले नव्हते. त्याने तबकडी लावली, संपली, पुन्हा लावली. लागोपाठ बावीस वेळा त्याने ती ऐकली. तो पुढे सांगत असे की त्या दिवशी त्याला आपली माणसे दिसली. त्याच इमारतीत राहणारे, जिन्यावर रोज भेटणारे ते थकलेले, गरीब, कृष्णवर्णीय लोक. त्यांच्यामागे एवढे मोठे काही उभे आहे हे त्याला त्या गळ्याने सांगितले.

मी पंचवीस वर्षे गाणे शिकवितो आहे. एकच चीज बावीस वेळा लागोपाठ ऐकणारा शिष्य मला अजून लाभलेला नाही.

विल्सनचा जन्म २७ एप्रिल १९४५ रोजी पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या टेकडीवरच्या वस्तीत झाला. पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून निघालेली कृष्णवर्णीय कुटुंबे कामाच्या शोधात तेथे आली आणि या टेकडीवर स्थिरावली. त्याचे मूळ नाव फ्रेडरिक ऑगस्ट किटेल. बाप जर्मन, पेशाने भटारी. तो घरी क्वचितच असे. आई डेझी विल्सन ही कृष्णवर्णीय, लोकांची घरे झाडून-पुसून मुले वाढविणारी. बेडफर्ड अव्हेन्यूवर एका वाण्याच्या दुकानामागच्या खोल्यांत हे कुटुंब राही. नळाला गरम पाणी नव्हते. सहा भावंडांत हा चौथा. आईने त्याला चौथ्या वर्षी वाचायला शिकविले. बाप १९६५ साली वारला. त्याच सुमारास मुलाने बापाच्या आडनावाऐवजी आईचे आडनाव घेतले आणि तो ऑगस्ट विल्सन झाला.

शाळेचे आणि त्याचे जमले नाही. एका शाळेत त्याच्या वर्गात कृष्णवर्णीय असा तो एकटाच होता. मुले बाकावर अपमानाच्या चिठ्ठ्या ठेवीत. ती सोडून तो दुसरीकडे आणि तेथून तिसरीकडे गेला. तिसऱ्या शाळेत त्याने नेपोलियनवर वीस पानांचा निबंध लिहिला. शिक्षकाला वाटले, हा याने लिहिलेलाच नाही. 'तुझाच कशावरून?' असे विचारल्यावर मुलाने निबंध तेथेच टाकला आणि तो बाहेर पडला. वय पंधरा. आईला सांगायची छाती होईना, म्हणून रोज सकाळी शाळेला जातो असे सांगून तो निघे आणि दिवसभर कार्नेगी ग्रंथालयात बसे. तेथे जे दिसेल ते त्याने वाचले. पुढे त्याच ग्रंथालयाने त्याला पदविका देऊन गौरविले. शाळा पुरी न केलेल्या माणसाला ग्रंथालयाने उत्तीर्ण ठरवावे, ही गोष्ट मला फार गोड वाटते.

बडोदेकरांना तर ती विशेष गोड वाटावी. श्रीमंत सयाजीराव महाराज अमेरिकेतली ग्रंथालये पाहून आले आणि १९१० साली त्यांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणून गावोगावी वाचनालये उभी केली, हे आपल्या घरांतून अजून सांगितले जाते. बोर्डनसाहेब आले होते न्यू हेवन गावाहून. पुढे विल्सनची नाटके प्रथम रंगभूमीवर आली ती बहुतेक त्याच न्यू हेवनमध्ये, येल विद्यापीठाच्या नाट्यगृहात. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काही नाही. पण ज्याला कोणी शिकवीत नाही त्याला ग्रंथालय शिकविते, ही महाराजांची श्रद्धा त्या मुलाने लांबवर राहून खरी केली.

मात्र ग्रंथालय ही त्याची एकच शाळा. दुसरी शाळा रस्त्यावर होती. हिल वस्तीत पॅट्स प्लेस नावाचे विड्या-सिगारेटींचे एक दुकान होते. वस्तीतले म्हातारे तेथे जमत आणि तासन् तास बोलत. विल्सन कोपऱ्यात उभा राहून ऐके. त्या म्हाताऱ्यांनी रेल्वेत कामे केलेली, तुरुंग पाहिलेले, दक्षिणेतून पायी वाटा तुडविलेल्या. कोण किती वर्षे जगला, कोणी कोणाला फसविले, कोणती आगगाडी कोठे बदलावी, असली ती बोलणी. तो नाटक लिहायचे म्हणून ऐकत नव्हता; या वस्तीत पुरुष म्हणून कसे जगावे हे त्याला त्यांच्याकडून जाणून घ्यायचे होते. १ एप्रिल १९६५ रोजी त्याने वीस डॉलरांना एक जुने टंकलेखनयंत्र घेतले. बहिणीला महाविद्यालयासाठी निबंध लिहून दिला, त्याचे हे पैसे. त्यावर तो कविता लिही. १९६८ साली रॉब पेनी या मित्राबरोबर त्याने वस्तीत ब्लॅक होरायझन्स नावाची नाट्यसंस्था काढली. पण स्वतः संवाद लिहू लागला की माणसे लाकडी होत. त्याने पेनीला विचारले, "तुझी पात्रे बोलतात तशी कशी बोलवतोस?" उत्तर आले की, मी बोलवीत नाही, ती बोलतात ते ऐकतो.

हे उत्तर उमगायला त्याला दहाएक वर्षे लागली. १९७८ साली तो पिट्सबर्ग सोडून उत्तरेस मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल गावी गेला. तेथे विज्ञान संग्रहालयासाठी छोट्या संहिता लिहिण्याचे काम करी. गाव बव्हंशी गोऱ्यांचे. आणि तेथे, जेथे ती बोली कानावर पडत नव्हती, तेथे ती त्याला स्पष्ट ऐकू येऊ लागली. पिट्सबर्गात असताना तो आपल्या माणसांचे बोलणे सुधारून कवितेत बसवायला पाहत होता. दूर गेल्यावर कळले की त्या बोलण्यातच कविता आहे, तिला सुधारावयाचे काही कारण नाही. आपल्या गाण्यातही असेच होते. गुरूकडे असेपर्यंत शिष्य नक्कल करतो. गुरूचे घर सुटल्यावर एखाद्या रात्री गुरूची जागा आपोआप गळ्यात येते. सेंट पॉलला लिहिलेले 'जिटनी' हे नाटक १९८२ साली पिट्सबर्गमध्ये रंगभूमीवर आले. परवान्याच्या टॅक्स्या हिल वस्तीत यायला नाखूश असत, म्हणून वस्तीतले लोक आपल्याच गाड्या भाड्याने चालवीत. त्या चालकांचे हे नाटक.

होतकरू नाटककारांची नाटके वाचून घेणारी यूजीन ओनील नाट्यकेंद्राची एक परिषद आहे. तेथे विल्सनची नाटके पुनःपुन्हा परत आली. १९८२ साली 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' स्वीकारले गेले आणि त्याला लॉइड रिचर्ड्स भेटला. १९५९ साली ब्रॉडवेवर नाटक बसविणारा पहिला कृष्णवर्णीय दिग्दर्शक हाच. तेव्हा तो येलच्या नाट्यविद्यालयाचा प्रमुख होता. त्याने विल्सनला लिहायला शिकविले नाही, थांबायला शिकविले. नाटक आधी येलला करायचे, मग गावोगावच्या नाट्यगृहांतून न्यायचे, प्रत्येक ठिकाणी कापायचे, जोडायचे, आणि पुरते मुरल्यावर न्यूयॉर्कला. ब्रॉडवेवर विल्सनची सहा नाटके रिचर्ड्सने बसविली. मैफलीत चीज मांडण्याआधी ती गुरूपुढे वर्षभर घोटावी, तसाच हा प्रकार.

आता त्याचा मुख्य संकल्प. विसाव्या शतकात दशके दहा. प्रत्येक दशकासाठी एक नाटक, आणि त्यांतून आपल्या लोकांचे शंभर वर्षांचे जगणे मांडायचे. 'जेम ऑफ द ओशन' १९०४ सालात घडते, 'जो टर्नर्स कम अँड गॉन' १९११ मध्ये, 'मा रेनी' १९२७, 'द पियानो लेसन' १९३६, 'सेव्हन गिटार्स' १९४८, 'फेन्सेस' १९५७ पासून पुढे, 'टू ट्रेन्स रनिंग' १९६९, 'जिटनी' १९७७, 'किंग हेडली सेकंड' १९८५ आणि 'रेडिओ गोल्फ' १९९७. 'मा रेनी' शिकागोत घडते. बाकीची नऊही हिल वस्तीत. लिहिली मात्र या क्रमाने नव्हेत. आणि या शंभर वर्षांत कोणी राजा नाही, सेनापती नाही. कचरा उचलणारे, खानावळ चालविणारे, वाजंत्री, टॅक्सीवाले.

यात गाणे कोठे आहे? आपल्या संगीत नाटकात पात्र बोलता बोलता थांबते आणि पद सुरू होते. विल्सनकडे पदे अगदी थोडी. तेथे बोलणेच गाण्याच्या घाटाचे आहे. ब्लूजचा घाट साधा असतो. बारा मात्रागटांचे एक आवर्तन, त्यात तीन ओळी. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचे. दुसऱ्यांदा म्हणताना शब्द तेच, पण अर्थ सरकलेला. शिवाय त्यांचा गंधार आणि निषाद ना धड कोमल, ना धड शुद्ध. मधल्या कोठल्यातरी श्रुतीवर कण्हत राहणारे. पियानोच्या पट्टीत तो स्वर सापडत नाही, गळ्यात सापडतो. विल्सनची पात्रे अशीच बोलतात. एक म्हातारा दोन पाने बोलत राहतो; पहिल्या वाक्यावर पुन्हा येतो, पुन्हा निघतो, आणि आपण विसरलो असे वाटते न वाटते तोच समेवर येऊन पोहोचतो. घाईच्या माणसाला हे लांबण वाटते आणि टीकाकारांनी तसे म्हटलेही आहे. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण विलंबित ऐकायची सवय असलेल्या कानाला या लांबीचा त्रास होत नाही.

'मा रेनी' या नाटकावर दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण ते सर्वस्वी आमच्या धंद्याचे आहे. मा रेनी ही खरोखर होऊन गेलेली गायिका. नाटकात ती शिकागोला तबकडी भरायला येते. ध्वनिमुद्रणाची खोली गोऱ्या मालकांची. ती कोकाकोला आल्याशिवाय गात नाही, आणि गाण्याआधीचे चार शब्द आपल्या तोतऱ्या भाच्यानेच बोलावेत, त्याचे त्याला पैसेही मिळावेत, असा हट्ट धरते. वरवर पाहता ही नखरेल बाई. पण तिला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: गळा एकदा त्या पेटीत अडकला आणि कागदावर सही झाली, की या लोकांना आपली गरज उरत नाही. म्हणून सही होईस्तोवरचा तेवढा वेळ ती आपला मान वसूल करते. जुन्या गवयांना तबकडीचे वावडे होते, त्याला आपण कर्मठपणा म्हणत आलो. हे नाटक वाचल्यावर मला त्यात शहाणपणही दिसू लागले. तिच्या वाद्यवृंदातला तरुण तुतारीवादक लेव्ही मात्र स्वतःची गाणी त्याच मालकांच्या भरवशावर सोडतो. ते ती गाणी प्रत्येकी पाच डॉलरांना घेतात आणि त्याला वाद्यवृंद मात्र देत नाहीत. मग त्याचा संताप मालकांवर न पडता शेजारच्या सोबत्यावर पडतो आणि नव्या बुटावर पाय पडल्याचे निमित्त होऊन खून होतो. १९८४ साली हे नाटक ब्रॉडवेवर आले आणि एकोणचाळीस वर्षांचा विल्सन नावारूपाला आला. २०२० साली यावर चित्रपटही निघाला.

१९८७ साली 'फेन्सेस'ला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ट्रॉय मॅक्सन हा कचरा उचलणारा कामगार. एके काळचा तो नामांकित बेसबॉलपटू, पण त्याच्या उमेदीत गोऱ्यांच्या संघांचे दार बंद होते. आता दार उघडले आहे. मुलाला फुटबॉलच्या जोरावर महाविद्यालयात जाता येणार आहे आणि बाप ते होऊ देत नाही. मुलाचे भले तो आपल्या जुन्या जखमेने मोजतो. मुलगा घर सोडतो. वर्षांनी बाप वारतो, तेव्हा अंत्यविधीला जाणार नाही असे तो म्हणतो. त्याच वेळी अंगणात सावत्र धाकटी बहीण एका म्हाताऱ्या कुत्र्याचे गाणे गुणगुणू लागते. ते गाणे ट्रॉयच्या बापाने रचलेले, ट्रॉयने गायलेले. मुलालाही ते पाठ असते. दोघे मिळून ते गातात आणि तो अंत्यविधीला जातो. बापाला क्षमा केली असे कोणी म्हणत नाही. गाणे पुढच्या दोघांच्या गळ्यात आलेले असते, एवढेच.

आता ज्या नाटकासाठी मी हे सारे लिहायला बसलो त्याकडे येतो. 'द पियानो लेसन' १९९० साली ब्रॉडवेवर आले आणि विल्सनला दुसरे पुलित्झर मिळाले. रोमेर बेअर्डन या चित्रकाराच्या त्याच नावाच्या एका चित्रावरून ते सुचले. पिट्सबर्गच्या एका घरात एक जुना पियानो आहे. गुलामगिरीच्या काळी मिसिसिपीतल्या सटर नावाच्या मालकाने आपल्या बायकोसाठी हा पियानो घेतला. रोख पैसा नव्हता, म्हणून त्याने मोबदल्यात एक बाई आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा दिला. पुढे मालकिणीला त्या दोघांची आठवण येऊ लागली, तेव्हा त्या बाईचा नवरा, जो सुतार होता आणि मागे राहिला होता, त्याला सांगण्यात आले की त्यांचे चेहरे पियानोवर कोर. त्याने ते कोरलेच, पण तेवढ्यावर न थांबता आईबाप, लग्न, जन्म, मरण, सगळे कुळ त्या लाकडावर उतरविले. त्याच्या नातवाने १९११ साली तो पियानो सटरच्या घरातून उचलून आणला आणि त्यापायी जीव गमावला.

त्या नातवाची दोन मुले आता समोरासमोर आहेत. भाऊ बॉय विली म्हणतो, पियानो विकू आणि जेथे आपले पूर्वज राबले तीच सटरची जमीन विकत घेऊ. बापानेही तेच केले असते. बहीण बर्नीस म्हणते, यात बापाचे रक्त आहे, तो विकायचा नाही. पण तीही पियानो वाजवीत नाही. आई गेल्यापासून तिने त्याला हात लावलेला नाही. तिला त्याची भीती वाटते. विल्सनने दोघांनाही खोटे पाडलेले नाही. भावाचे बोलणे वाचताना भाऊ बरोबर वाटतो, बहिणीचे वाचताना बहीण.

हे वाचून मी पुस्तक मिटले, कारण आमच्या घरात तेच चालले होते. वडील गेल्यावर त्यांचा दिलरुबा माझ्याकडे आला. जुना वाडा पडायचा ठरला तेव्हा थोरले बंधू म्हणाले की, जुन्या वस्तूंचा एक व्यापारी चांगली किंमत देतो आहे, तुला काही तो वाजविता येत नाही, विकून टाकू आणि वाटणी करू. मी कडाडून नाही म्हटले. शब्दाला शब्द वाढला. दोन वर्षे आमच्यात सणावारापुरतेच बोलणे राहिले. मी स्वतःला वडिलांच्या वारशाचा राखणदार समजत होतो. आणि तो दिलरुबा होता कोठे? फडताळाच्या वरच्या फळीवर, गवसणीत. चौदा वर्षांत मी गवसणीची गाठ सोडली नव्हती. मी विकणारा नव्हतो हे खरे, पण मी बर्नीस होतो.

नाटकाच्या शेवटी घरात सटरचे भूत उसळते. पाद्र्याच्या प्रार्थनेने ते हटत नाही, भावाच्या मनगटानेही नाही. तेव्हा बर्नीस पियानोपाशी बसते आणि आजी-आईची नावे घेऊन, त्यांना हाका मारीत वाजवू लागते. घर शांत होते. भाऊ पियानो न घेताच परत निघतो. जाताना बजावतो की, तू वाजवीत राहिली नाहीस तर मी पुन्हा येईन. वारसा विकावा की राखावा, असा वाद आपण घालतो. विल्सन म्हणतो, तिसरीच गोष्ट करा, तो वाजवा.

मी गवसणी सोडली. कातडे तडकले होते, तरफा गंजल्या होत्या, गजाचे केस झडले होते. दुरुस्तीला चार महिने लागले. ज्या दिवशी तो घरी आला त्या दिवशी मी बंधूंना फोन केला आणि म्हटले, "तुमचे बरोबर होते. मला तो वाजविता येत नाही." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग वाजविणारा शोध." सध्या माझ्याकडे शिकणारी एक गुजराती मुलगी त्यावर शिकते आहे. सूर अजून कच्चा आहे, पण कान चांगला आहे.

वारसा परक्या हाती द्यावा का, हा प्रश्न यातून निघतोच, आणि विल्सनचे त्यावरचे मत कडक होते. १९९६ साली प्रिन्स्टन येथील भाषणात त्याने सांगितले की, कृष्णवर्णीयांची स्वतःची रंगभूमी असली पाहिजे. वर्ण न पाहता कोणालाही कोणतीही भूमिका देण्याच्या पद्धतीलाही त्याने विरोध केला. रॉबर्ट ब्रुस्टीन या समीक्षकाने त्यास उत्तर दिले आणि जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये दोघांचा जाहीर वाद झाला. मला विल्सनचा पहिला मुद्दा पटतो. परप्रांतात पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना आपली भाषा, आपले नाटक यांसाठी पायाखाली स्वतःची चार हात जमीन लागते. पण वाद्याच्या बाबतीत मी त्याच्याही पुढे जातो. दिलरुबा ज्याच्या हाती गातो त्याचा.

१९९० पासून विल्सन सिअ‍ॅटल शहरी राहिला. खानावळींत बसून, हाताला लागेल त्या कागदी रुमालावरही तो लिही. एस्टर मावशी नावाची वृद्धा त्याच्या अनेक नाटकांतून ऐकू येते. १९०४ सालच्या नाटकात तिचे वय २८५ आहे. हिशेब केला तर तिचे जन्मसाल १६१९ निघते. व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन आणले गेले ते वर्ष. अखेरच्या 'रेडिओ गोल्फ'मध्ये याच एस्टर मावशीचे घर पाडून तेथे नव्या इमारती उभ्या करण्याचा घाट घातला जातो. विल्सनच्या बालपणीच त्याच्या वस्तीचा खालचा भाग असाच पाडला गेला, सुमारे ८,००० माणसे उठविली गेली आणि तेथे एक भव्य सभागृह बांधले गेले. आज तेही उभे नाही. हे नाटक एप्रिल २००५ मध्ये येलला आले. जूनमध्ये विल्सनला यकृताचा कर्करोग झाल्याचे कळले. त्याही अवस्थेत त्याने नाटकावर हात फिरविणे सोडले नाही. २ ऑक्टोबर २००५ रोजी, साठाव्या वर्षी, तो वारला. त्याला पिट्सबर्गातच पुरले. दोन आठवड्यांनी ब्रॉडवेवरच्या एका नाट्यगृहास त्याचे नाव देण्यात आले. कृष्णवर्णीय माणसाचे नाव लाभलेले ब्रॉडवेवरचे ते पहिले नाट्यगृह. २०१७ साली 'जिटनी' ब्रॉडवेवर आले आणि दहाही नाटकांचे वर्तुळ तेथे पुरे झाले. बेडफर्ड अव्हेन्यूवरचे ते पडके घर दुरुस्त करून २०२२ साली कलावंतांसाठी खुले करण्यात आले.

माझ्या विद्यार्थ्याने ते घर पाहिले आहे. तो म्हणतो, आत पाहण्यासारख्या वस्तूंपेक्षा माणसेच जास्त असतात. हे ऐकून मला बरे वाटले.

आपल्या जुन्या घरांतून अजून पुष्कळ फडताळे आहेत. कोठे तंबोरा, कोठे चिजांची वही, कोठे आजोबांच्या हातच्या नाटकाच्या नकला. त्या विकू नयेत हे आपण एकमेकांना सांगतोच. या दिवाळीच्या झाडलोटीत एकदा गवसणीची गाठही सोडून पाहावी, आणि घरात कोणी म्हातारे माणूस बोलत असेल तर हातातले काम बाजूला ठेवून थोडे ऐकावे.